जळणार काय, उचलणार कोण

आमच्या धंद्यात ऑर्डर येते ती किलोत आणि नगांत. "सहा किलोचे चार नग, एबीसी, आयएसआय मार्कचे. परवापर्यंत बसवून द्या, फॉर्म बी भरायचाय." बोलणारा घाईत असतो, कारण जानेवारी तरी संपत आलेला असतो नाहीतर जुलै. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला याच दोन महिन्यांत, वर्षातून दोनदा, आपली आग विझवायची साधनं चालू आहेत असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पिंपरी-चिंचवड भागातल्या अशाच एका एजन्सीत मी काम करतो. सिलिंडर भरणं, तपासणं, बसवणं आणि चालवायला शिकवणं, सगळं हातांनी केलेलं आहे. या कामानं मला दोन प्रश्न विचारायची सवय लावली. तुमच्याकडे जळण्यासारखं काय आहे? आणि आग लागलीच, तर सिलिंडर पहिल्यांदा कोण उचलेल?

पुष्कळांना हा वेळकाढूपणा वाटतो. सगळे सिलिंडर लालच असतात, सगळ्यांना पिन आणि दांडा असतो, मग त्यात विचारायचं काय, असा सूर असतो. या प्रश्नांची उत्तरं ऑर्डर देणाऱ्याकडे क्वचितच असतात, हे मला फार लवकर कळलं. ती आचाऱ्याकडे असतात, मशीनवर उभ्या असलेल्या पोराकडे असतात, झाडझूड करणाऱ्या मावशींकडे असतात. म्हणून जागा बघायला गेलो की मी आधी ऑफिसात बसत नाही. चहा नंतर घेतो म्हणतो आणि आत जातो.

वर्गवारी पाठ करायला सोपी आहे. लाकूड, कागद, कापड, कापूस, रबर अशा वस्तूंची आग 'ए' वर्गात येते. पेट्रोल, डिझेल, थिनर, रंग हे द्रव 'बी'मध्ये. एलपीजीसारखे वायू 'सी'मध्ये. मॅग्नेशियम, सोडियम, अ‍ॅल्युमिनियमची पूड असले धातू 'डी'मध्ये. तळणीचं तेल, तूप, डालडा यांची आग 'एफ' म्हणून वेगळी धरतात. विजेला यात स्वतंत्र अक्षर दिलेलं नाही, कारण वीज स्वतः जळत नाही. जळतं ते वायरवरचं प्लास्टिक, पॅनेलमध्ये साचलेली धूळ, ट्रान्सफॉर्मरमधलं तेल. मेन स्विच पाडला की ती आग आपापल्या वर्गात जाऊन बसते.

अमेरिकेतली अक्षरं मात्र वेगळी आहेत. तिथे 'सी' म्हणजे चालू विजेची उपकरणं आणि स्वयंपाकघरातलं तेल म्हणजे 'के'. हे सांगायचं कारण असं की हिंजवडीच्या एका ऑफिसात परदेशातल्या मुख्य कार्यालयाकडून आलेला सुबक तक्ता प्रत्येक मजल्यावर लावलेला होता. खाली उपाहारगृहात गॅसची लाइन होती आणि सुरक्षारक्षकाला विचारलं, तर तो 'सी' म्हणजे लाइट असं ठामपणे सांगत होता. त्याची काही चूक नव्हती, त्यानं समोरचा तक्ता नीट वाचला होता. तिथल्या व्यवस्थापकांना मी ते सगळे तक्ते उतरवायला लावले आणि सिलिंडरवरच्या खुणांशी जुळणारे लावले. भिंतीवर एक आणि सिलिंडरवर दुसरं असेल तर माणूस ऐनवेळी थबकतो, आणि आगीत थबकायला जागा नसते.

आता एबीसी पावडरबद्दल. ती सरसकट घेतली जाते म्हणून तिला नावं ठेवणारे आमच्यात आहेत, मी त्यांच्यातला नाही. मोनो अमोनियम फॉस्फेट हा तिचा मुख्य घटक. पावडर ज्वाळेत गेली की ज्वलनाची साखळी तोडते, आणि तापल्यावर वितळून जळत्या लाकडा-कागदावर तिचा थर बसतो. द्रवाची आग, वायूची आग, विजेच्या बोर्डातली लहान आग, सगळ्यांवर ती चालते. घरासाठी, गाडीसाठी, किराणा दुकानासाठी एकच काहीतरी सांगा म्हटलं तर मी तीच सांगतो. पण तिला गार करता येत नाही. आत खोल धग असेल तर वरची ज्वाळा मारून ती थांबते. बंद खोलीत मारली की क्षणात पांढरा धुरळा होतो आणि दार कुठल्या बाजूला होतं ते दिसेनासं होतं. दमट हवेत ती धातूला आणि सर्किटला खाते. म्हणजे तिच्या मर्यादा कुठे सुरू होतात ते ठाऊक असलं, तर ती उत्तम आहे. माझं बहुतेक काम त्या मर्यादांच्या पलीकडच्या जागांवर असतं.

त्यातली पहिली जागा म्हणजे तळणीची कढई. चिंचवडच्या बाजूला एका फरसाणच्या कारखान्यात मालकानं एबीसीचे नग मागवले होते. आत गेलो तर मोठ्या भट्टीवर शेवेचा घाणा चालू होता. कढईत पंचवीस-तीस लिटर तेल असावं. आचाऱ्याला सगळे महाराज म्हणत. मी विचारलं, "महाराज, तेल कधी पेटलंय का?" झारा बाजूला ठेवून त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही संहितेत इतकं नेमकं लिहिलेलं नसेल. तेल पेटण्याआधी सांगतं, म्हणाले. आधी धूर पातळ असतो, मग दाट होतो, मग डोळ्यांना झोंबायला लागतो, आणि तेवढ्यात कोणी गिऱ्हाइकाशी बोलत उभं राहिलं की संपलं.

महाराज म्हणत होते तेच तापमानाच्या भाषेत सांगायचं, तर खाद्यतेल साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवाय आपणहून पेट घेतं. अशा तेलावर पाणी टाकलं तर ते तेलाखाली जातं आणि तिथेच त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे सतराशे लिटर वाफ. ती वाफ जळतं तेल सोबत घेऊन छतापर्यंत उसळते. पावडर मारली तर ज्वाळा पडते खरी, पण तेल तेवढंच तापलेलं राहतं आणि पावडर खाली बसली की पुन्हा पेटतं. शिवाय जवळून जोरात फवारा मारला की तेल कढईबाहेर उडतं. या आगीला वेट केमिकल लागतं. पोटॅशियमच्या क्षारांचं ते द्रावण बारीक तुषारांनी लांब नळीतून हळुवार पडतं, तापलेल्या तेलाशी मिळून त्याचा साबणासारखा फेस तयार होतो, तो वर झाकण धरतो आणि तेल गारही होत जातं.

मालकांना किंमत जड वाटली. त्यात नवल काही नाही, पावडरच्या मानानं हा सिलिंडर महाग पडतो आणि सगळीकडे मिळतही नाही. मग आम्ही मागच्या मोकळ्या जागेत, माणसं लांब उभी करून, लहान पातेल्यात तेल आपणहून पेटेपर्यंत तापवलं. आधी पावडर. ज्वाळा गेली, सगळ्यांनी मान हलवली, आणि थोड्याच वेळात तेल पुन्हा भडकलं. मग वेट केमिकल. फेस धरला, फुर्र फुर्र आवाज झाला, आणि तेल पुन्हा पेटलं नाही. मालक काही बोलले नाहीत, पण ऑर्डर बदलली.

त्या दिवसाचा खरा लाभ वेगळाच होता. बोलता बोलता महाराज म्हणाले, "गॅसचा कॉक भट्टीच्या मागं आहे. कढई पेटली तर मी हात कुठून घालू?" कढईखालचा जाळ बंद झाल्याशिवाय कोणतंही रसायन टिकणार नाही, आणि तो बंद करायचा तर जळत्या कढईवरून हात न्यायचा! आम्ही कॉक दाराजवळ आणवून घेतला. वेट केमिकलचा सिलिंडरही भट्टीच्या डोक्यावरून काढून बाहेर पडायच्या वाटेवर टांगला. आग असेल तिथेच सिलिंडर ठेवायचा ही खोड फार ठिकाणी दिसते. आग आणि दार यांच्या मध्ये तो असावा, म्हणजे घ्यायला जाताना माणूस सुटकेच्या दिशेनं जातो आणि विझवायचं की निघून जायचं हे ठरवताना त्याच्या पाठीशी दार असतं. कुठूनही पंधरा मीटरच्या आत एक सिलिंडर हाताला लागला पाहिजे असा आयएस २१९० या मानकाचा दंडक आहे. पण पंधरा मीटर कुठल्या दिशेनं चालायचे, ते जागेवर उभं राहूनच ठरतं.

दुसरी जागा कापसाची. एका हंगामात मला यवतमाळकडच्या जिनिंगमध्ये पाठवलं होतं. कापूस वेचताना, गाडीत भरताना, अंगणात ओतताना त्यात खडा येतो, एखादा खिळा येतो, आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात तो घासला की ठिणगी पडते. रुईवरून आग पळते, बघता बघता ढिगाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाते. तिथेही भिंतीवर ओळीनं पावडरचे सिलिंडर होते, नवेकोरे, गेजचा काटा हिरव्यात. मी ते बघत असताना ढीग सारणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं, "वरून इझली दिसते भाऊ, पन आतून धुपतच राह्यते." मग त्या म्हणाल्या की रात्री जळका वास आला की त्यांनाच उठवतात, कारण वास कोणत्या ढिगातून येतोय ते त्यांना कळतं.

मला त्या एका वाक्यात सगळं मिळालं. कापसाची आग म्हणजे आतली धग. पावडर वरची ज्वाळा मारते, आतला निखारा तसाच राहतो. सीओटू मारला तर आणखी वाईट, त्या वायूच्या झोतानं जळती रुई उडून शेजारच्या ढिगावर जाते. इथे पाणीच हवं, आणि भरपूर हवं. त्यातही कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे नुसतं पाणी वरून ओघळून जातं. पाण्यात थोडं ओलं करणारं रसायन मिसळलं की ते आत मुरतं. आम्ही तिथे पाण्याचे सिलिंडर, बादल्या आणि होज रीलची व्यवस्था सुचवली, आणि धुमसणारा भाग ओढून मोकळ्या अंगणात पसरवायला लांब आकडे. मालकांना वाटलं होतं मी काहीतरी आधुनिक सांगीन. पाण्याचा सिलिंडर जुना, गरिबाचा म्हणून लोक टाळतात. कापूस, सूत, कागद, गवत, लाकूड यांच्यासाठी त्याच्याइतकं गार करणारं दुसरं काही नाही.

कापसाचं हे धुमसणं मुंबईला फार महागात पडलेलं आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकंही होती. आतून धूर यायला लागला. अग्निशमन दलाचे जवान पाणी मारत राहिले, पण धुरात आगीचं मूळ सापडेना. दुपारी चारनंतर जहाज फुटलं. दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात आम्हाला सोसायट्या आणि शाळांतून प्रात्यक्षिकासाठी बोलावणी येतात. मी दर वेळी आधी या जवानांबद्दल सांगतो, मग पिन ओढायला शिकवतो.

विजेच्या पॅनेलसाठी सीओटू. त्यानं काहीही मागे उरत नाही, पॅनेल नंतर वापरता येतं, आणि वायू वीज वाहून नेत नाही. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनच्या पॅनेलजवळ मी तोच देतो. पण सोबत चार गोष्टी सांगतो आणि करवून घेतो. पहिली, आधी मेन पाडा, त्यासाठी मेन कुठे आहे ते वायरमन सोडून आणखी दोघांना माहीत असू द्या. दुसरी, काळ्या भोंग्याला, ज्याला आम्ही हॉर्न म्हणतो, हात लावू नका. बाहेर पडणारा वायू उणे ७८ अंशांपर्यंत गार होऊन त्याचा बर्फ होतो, कातडी चिकटते. तिसरी, दोन मीटरच्या पुढून मारलात तर तो वाया जातो, जवळ जायला लागतं. चौथी, लहान बंद खोलीत मारला असेल तर तिथे थांबू नका, हवेतला प्राणवायू कमी झालेला असतो. आणि तो गार करत नाही, म्हणून विझली असं वाटल्यावर लगेच पाठ फिरवू नका.

एका रुग्णालयात एमआरआय विभागाच्या दारातच लोखंडी सीओटू सिलिंडर ठेवलेला होता. एमआरआयचं चुंबक बटण बंद केलं म्हणून थांबत नाही, ते कायम चालू असतं. आग लागली म्हणून कोणी तो सिलिंडर घेऊन आत धावला, तर सिलिंडर हातातून सुटून तोफेच्या गोळ्यासारखा यंत्राकडे जाईल, आणि आत रुग्ण आडवा असेल. तिथे चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूचा, तशी स्पष्ट खूण असलेला सिलिंडरच लागतो. हे तिथल्या तंत्रज्ञ ताईंना पक्कं माहीत होतं. खरेदी करणाऱ्यांनी त्यांना विचारलेलं नव्हतं.

धातूच्या आगीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती फार ठिकाणी नसते, पण असते तिथे बाकी सगळे सिलिंडर घातक ठरतात. जळतं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतं आणि सीओटूमधला प्राणवायूसुद्धा ओढून घेऊन जळत राहतं. अ‍ॅल्युमिनियमचे मोठे तुकडे सहज पेटत नाहीत, पण बफिंग करणाऱ्या शेडमध्ये जमिनीवर, पंख्यावर, तुळईवर जी करडी भुकटी साठते ती वेगळी. तिच्यावर कुठल्याही सिलिंडरचा जोराचा झोत मारला की भुकटी हवेत उडते आणि स्फोट होऊ शकतो. तिथे डी वर्गाची खास पावडर, हळूच पसरवायची, किंवा कोरडी वाळू. कोरडी हा शब्द मी दोनदा म्हणतो. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या लाल बादल्यांतली वाळू ओली असते, आणि ओली वाळू म्हणजे पाणीच. बफिंगवरच्या एका पोरानं मला सांगितलं की संध्याकाळी ते कॉम्प्रेसरच्या हवेनं शेड साफ करतात. सिलिंडरची गोष्ट बाजूला ठेवून आम्ही त्या दिवशी आधी ते बंद करवलं.

गॅसच्या आगीत लोकांना सगळ्यात अवघड जातं ते हे, की ज्वाळा विझवण्याची घाई करायची नाही. रेग्युलेटरपाशी गॅस जळत असेल तर तो निदान दिसतो. ज्वाळा विझली आणि गळती चालूच राहिली, तर हवेपेक्षा जड असलेला एलपीजी जमिनीलगत पसरतो, पलंगाखाली जातो, जिन्यावरून खाली उतरतो, आणि कुठल्यातरी फ्रिजच्या ठिणगीची वाट बघतो. आधी गॅस बंद. तिथपर्यंत पोचायला ज्वाळा आड येत असेल तरच पावडर मारून वाट करायची आणि लगेच नॉब फिरवायचा. सोसायटीच्या प्रात्यक्षिकात मी टाकीवर जाळ करून ओल्या पोत्यानं तो झाकून दाखवतो, मग बायका पुढे येतात, कारण रोज टाकी हाताळणाऱ्या त्याच असतात. एका आजींनी पोतं माझ्यापेक्षा सफाईनं टाकलं आणि दुसऱ्या हातानं रेग्युलेटर बंदही केला. त्या म्हणाल्या, "अरे, स्टोव्ह भडकायचा तेव्हापासून हेच करतोय आम्ही."

इथे माझा दुसरा प्रश्न येतो, उचलणार कोण. साडेचार किलोचा सीओटू असं आपण म्हणतो, पण ते वजन आतल्या वायूचं. लोखंडासकट तो पंधरा किलोच्या जवळ जातो. सहा किलोचा एबीसीही भरून नऊ-दहा किलो होतो. पाळणाघरात मुलं सांभाळणाऱ्या ताई, रात्रपाळीचे साठीतले वॉचमनकाका, पेट्रोल पंपावरचा बारीक अंगाचा मुलगा, यांच्या हातात तो भिंतीवरच्या खुंटीवरून निघेल का? मी प्रत्येकाला काढून बघायला लावतो. निघत नसेल तर खाली बसवतो किंवा दोन लहान देतो. क्षमता कागदावर कमी पडू नये म्हणून मोठा एकच नग लावला आणि तो कोणाला उचलताच आला नाही, तर त्या भिंतीवर काहीच नाही असं मी धरतो.

शिवाय वेळ. सहा किलोची पावडर साधारण पंधरा सेकंदांत संपते. लोकांना वाटतं मिनिट-दोन मिनिटं चालेल. प्रात्यक्षिकात डिझेलचा ट्रे पेटवला की पहिला माणूस हमखास ज्वाळेच्या शेंड्यावर मारतो आणि पावडर हवेत जाते. मग सांगायचं, पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे सरका, वारा पाठीवर घ्या. दुसऱ्या खेपेला तोच माणूस अर्ध्या पावडरीत आग विझवतो. हे वाचून येत नाही. वजन हातात घेतल्यावर, दांडा दाबल्यावर बसणारा धक्का एकदा अनुभवल्यावरच येतं. म्हणून रिफिलिंगला आलेले सिलिंडर आमच्या गोदामात रिकामे करण्यापेक्षा ज्यांचे आहेत त्यांच्याकडूनच आगीवर रिकामे करून घ्यावेत, असा माझा आग्रह असतो. पावडर तशीही काढायचीच असते.

तपासणीचं म्हणाल तर पावडर आणि पाण्याच्या सिलिंडरला गेज असतो, काटा हिरव्यात हवा. पण हिरवा काटा दाब सांगतो, पावडर खाली बसून दगड झाली आहे का ते सांगत नाही. सीओटूला गेज नसतोच, तो वजन करूनच तपासायचा, दहा टक्क्यांच्या वर घट दिसली की पुन्हा भरायचा. वर्षानुवर्षं फक्त तारखेचं स्टिकर बदललेले सीओटू मी पाहिले आहेत. काट्यावर ठेवले तर रिकामे. अशा कागदावर सही करायला मी नकार देतो, आणि त्यावरून गिऱ्हाईक गेलं तर जाऊ देतो.

या सगळ्या कामात अलीकडे एक नवी आग आली आहे. सोसायट्यांमधून फोन येतो, "ई-स्कूटर चार्जिंगसाठी कोणता सिलिंडर देता?" लिथियम बॅटरीचा एक सेल आतून तापायला लागला की तो शेजारच्याला तापवतो आणि ही मालिका बाहेरच्या हवेवर अवलंबून राहत नाही. पावडर किंवा सीओटूनं दिसणारी ज्वाळा पडते आणि बॅटरी पुन्हा पेटते, कधीकधी काही तासांनीसुद्धा. धूर विषारी असतो. तिला थांबवायला पुष्कळ पाण्यानं बराच वेळ गार करावं लागतं, तेही वीज तोडल्यावर, आणि ते काम अग्निशमन दलाचं आहे. अशा वेळी भिंतीवर एक लाल नग टांगून पैसे घेणं मला पटत नाही. पार्किंगमधल्या आजूबाजूच्या वस्तू पेटल्या तर एबीसी उपयोगी पडेल एवढं सांगतो, आणि जागा बघायला जातो.

मागच्याच महिन्यात निगडीच्या एका सोसायटीत गेलो. तळमजल्यावर जिन्याखाली एकाच बोर्डावरून तीन स्कूटर चार्ज होत होत्या, वर सहा मजले आणि खाली उतरायला तो एकच जिना. कमिटीच्या लोकांना मी जिन्याच्या तोंडाशी उभं केलं आणि विचारलं की रात्री दोन वाजता इथे धूर झाला तर चौथ्या मजल्यावरचे आजोबा कुठून उतरतील. सेक्रेटरी बाईंनी लगेच बैठक बोलावली. चार्जिंग कंपाउंडच्या भिंतीलगत उघड्यावर न्यायचं, प्रत्येक स्कूटरला वेगळा पॉइंट आणि वेगळा एमसीबी द्यायचा, जिन्याखाली काहीही ठेवायचं नाही असं ठरलं. एका सभासदांनी खर्चावरून हरकत घेतली, ती चर्चा तासभर चालली, पण ठराव झाला. पुढच्या रविवारी वायरमन लाइन ओढायला येणार आहे. मीही जाणार आहे. नव्या लाइनचा मेन स्विच वॉचमनकाका आणि तळमजल्यावरच्या दोन घरांतली माणसं यांच्याकडून त्याच दिवशी एकेकदा बंद करवून घ्यायचा आहे, आणि जिन्याखालचा जुना बोर्ड माझ्यासमोर निघाला पाहिजे.